कॅमेरा ‘उघडला’ म्हणजे नेमकं काय झालं?

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला एका ज्युनिअरचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट आहे चेहरा ओळखून हजेरी लावायचा.

“ताई, कॅमेरा चालत नाहीये. पण एररही येत नाहीये.”

“विंडो उघडते का?”

“उघडते.”

“मग?”

“काळी आहे.”

असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. माणूस बदलतो, लॅपटॉप बदलतो, पण “एररही येत नाहीये” हे वाक्य तेच असतं. आजची पोस्ट त्या वाक्याबद्दल आहे. एरवी मी इथे एखादा शोधनिबंध घेऊन तो उलगडून सांगते. आज शोधनिबंधाऐवजी सहा ओळींचा कोड घेतला आहे आणि त्याची तशीच समीक्षा करणार आहे. कॉम्प्युटर व्हिजन शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हा कोड लिहिलेला असतो, त्यामुळे तो कुणी तपासून बघत नाही.

त्या सहा ओळी तुम्हाला पाठ असतील. ओपनसीव्ही इम्पोर्ट करा. व्हिडिओकॅप्चर(०) लिहून कॅमेरा उघडा. न संपणारं लूप लावा. रीड करून फ्रेम घ्या. ती विंडोत दाखवा. क्यू दाबलं की थांबा. झालं! पडद्यावर आपला चेहरा दिसतो, आपण हसतो, आणि पुढच्या धड्यावर जातो.

माझा आक्षेप असा आहे की या सहा ओळी डेमोसाठी ठीक आहेत, पण संशोधनाची सुरुवात म्हणून घातक आहेत. त्यात तीन प्रश्नांची उत्तरं न देताच पुढे जाता येतं: कोणता कॅमेरा? तो खरंच चित्र देतोय का? आणि आपण मागितलं तेच देतोय का? या प्रश्नांची किंमत मी स्वतः मोजली आहे, म्हणून आधी ती गोष्ट सांगते.

संध्याकाळी दुप्पट धडधडणारी हृदयं

मी चेहऱ्याच्या व्हिडिओवरून नाडी मोजण्यावर काम करते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या रक्ताचं प्रमाण किंचित बदलतं, म्हणून त्वचेवरून परत येणारा प्रकाशही किंचित बदलतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, आणि हिरव्या चॅनेलमध्ये सगळ्यात स्पष्ट कळतं. खोलीतल्या नेहमीच्या उजेडात आणि साध्या कॅमेऱ्याने हे जमतं, हे व्हर्क्राउसे, स्वासांड आणि नेल्सन यांनी २००८ मध्ये दाखवलं. तेव्हापासून या विषयावर खूप काम झालं आहे.

माझा पहिला प्रयोग छोटा होता. १४ जण, प्रत्येकाचं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग, आणि तुलनेसाठी बोटाला ऑक्सिमीटर. पाच जण दुपारी येऊन गेले, बाकीचे नऊ संध्याकाळी सहानंतर, कारण त्यांचे वर्ग तेव्हा सुटायचे. दुपारचे आकडे छान जुळले. संध्याकाळच्यांचं मात्र काहीतरी विचित्र झालं. ऑक्सिमीटर म्हणायचा ७२, माझा प्रोग्रॅम म्हणायचा १४०च्या वर. ऑक्सिमीटर ७८, प्रोग्रॅम दीडशेच्या पुढे.

मी काय केलं असेल? अल्गोरिदमवर संशय घेतला. फिल्टर बदलले, विंडोची लांबी बदलली, चेहऱ्याऐवजी फक्त कपाळाचा भाग घेऊन पाहिला. तीन आठवडे गेले. शेवटी सरांसमोर बसले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “एका मिनिटाच्या फाईलमध्ये फ्रेम किती आहेत?”

“अठराशे, सर. ३० गुणिले ६०.”

“मोजल्यास?”

मोजल्या नव्हत्या. मोजल्या तर नऊशेच्या आसपास भरल्या.

झालं होतं असं. संध्याकाळी लॅबमध्ये एकच ट्यूबलाईट असायची. उजेड कमी पडला की बरेच वेबकॅम एक्स्पोजर वाढवतात, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी सेन्सर जास्त वेळ उघडा ठेवतात. त्यासाठी गरज पडली तर सेकंदाला ३० फ्रेमऐवजी १५च देतात. ही त्यांची ठरवून दिलेली वागणूक आहे, बिघाड नाही. व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या माणसाला चेहरा उजळ दिसणं जास्त महत्त्वाचं असतं. पण मी कॅमेऱ्याला त्याचा वेग विचारला तेव्हा उत्तर ३० आलं होतं. ते ठरलेल्या मोडचं उत्तर होतं, प्रत्यक्ष येणाऱ्या फ्रेमचं नव्हे. मी तोच आकडा हिशेबात घातला, आणि फाईल लिहितानाही ३०च दिला.

आता हिशेब बघा. नाडी ७२ असेल तर सेकंदाला १.२ ठोके. प्रत्यक्ष वेग १५ असेल तर एका ठोक्याला साडेबारा फ्रेम मिळतात. पण प्रोग्रॅम समजतोय की सेकंदाला ३० फ्रेम येताहेत, म्हणून त्या साडेबारा फ्रेमना तो ०.४२ सेकंद समजतो आणि नाडी सांगतो १४४. अल्गोरिदम बरोबर होता, माझं घड्याळ चुकीचं होतं.

तुम्ही म्हणाल, व्हिडिओ बघताना कळलं कसं नाही? एक मिनिटाची फाईल अर्ध्या मिनिटात संपायची, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी सगळ्यांना ‘अजिबात हलू नका’ असं सांगून बसवलं होतं. न हलणारा माणूस दुप्पट वेगाने दाखवला तरी तसाच दिसतो! फक्त पापण्या जरा भराभर मिटत होत्या.

हे दुरुस्त करता आलं नसतं का? सरासरी नाडीपुरतं कदाचित आलं असतं. पण मला ठोक्या-ठोक्यामधलं अंतर हवं होतं, आणि मी प्रत्येक फ्रेमची वेळ नोंदवलेली नव्हती. रेकॉर्डिंगच्या मधेच वेग बदलला असेल तर तो कुठे बदलला, हे सांगायला काहीच नव्हतं. संध्याकाळची नऊच्या नऊ रेकॉर्डिंग टाकून दिली. ज्यांनी संमतीपत्रावर सही करून मला वेळ दिला होता त्यांना पुन्हा बोलवावं लागलं. दोघं तोवर परीक्षा संपवून गावी गेले होते.

यातली टोचणारी गोष्ट पुढे आहे. याच विषयातला एक गाजलेला निबंध म्हणजे पोह, मॅकडफ आणि पिकार्ड यांचा २०१० चा. त्यांनी लॅपटॉपमधल्या साध्या वेबकॅमने काम केलं होतं, ६४० बाय ४८० आकार आणि सेकंदाला १५ फ्रेम. म्हणजे १५ हा वेग नाडीसाठी पुरेसा आहे! माझं काम १५ मुळे बिघडलं नाही. ते १५ आहेत हे मला माहीत नव्हतं, म्हणून बिघडलं. त्यांनी तो आकडा निबंधात लिहिला आहे, मी तो गृहीत धरला होता. फरक एवढाच.

या गोष्टीतून मी एक धडा घेतला, आणि पुढची सगळी समीक्षा त्यावरच उभी आहे: कॅमेरा उघडणं ही प्रयोगाची तयारी नाही, ते प्रयोगातलं पहिलं मोजमाप आहे.

पहिला आक्षेप: शून्य म्हणजे कोण?

व्हिडिओकॅप्चर(०) मधला शून्य वाचताना आपल्याला वाटतं की हा ‘पहिला कॅमेरा’ किंवा ‘मुख्य कॅमेरा’. प्रत्यक्षात तो यादीतला एक क्रमांक आहे आणि ती यादी ऑपरेटिंग सिस्टिमने तिच्या सोयीने केलेली असते. वर्गातला रोल नंबर जसा दरवर्षी बदलतो, तसा हा क्रमांकही बदलू शकतो. रोल नंबरवरून माणूस ओळखायचा नसतो.

लिनक्सवर कॅमेरे डेव्ह फोल्डरमध्ये व्हिडिओ०, व्हिडिओ१ अशा नावांनी दिसतात. ज्या क्रमाने ते सापडतात त्या क्रमाने नंबर मिळतो. यूएसबी कॅमेरा काढून परत लावला, मशीन रीस्टार्ट केलं, की क्रम बदलू शकतो. आणखी एक मजा म्हणजे, नव्या कर्नलमध्ये एकाच यूएसबी कॅमेऱ्याच्या दोन नोंदी दिसतात. एक चित्रासाठी, दुसरी फक्त मेटाडेटासाठी. म्हणून ‘माझ्याकडे एकच कॅमेरा आहे, मग व्हिडिओ१ कुठून आला?’ असं वाटतं. तो दुसरा कॅमेरा नसतोच. तो उघडायला गेलात तर चित्र मिळणार नाही. आणि तुम्ही खरोखरचा दुसरा कॅमेरा लावला, तर तो बहुधा २ वर बसतो.

विंडोजवर वेगळाच प्रकार. चेहरा दाखवून लॉगिन होणाऱ्या लॅपटॉपमध्ये एक इन्फ्रारेड कॅमेराही असतो. ऑनलाईन लेक्चरसाठी कुणी व्हर्च्युअल कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर तोही यादीत येऊन बसतो, आणि उघडल्यावर काळी किंवा कंपनीचा लोगो असलेली फ्रेम देतो. त्यात ओपनसीव्ही विंडोजवर कॅमेऱ्याशी दोन वेगळ्या मार्गांनी बोलू शकतं, डायरेक्टशो आणि मीडिया फाउंडेशन. या मार्गांना बॅकएंड म्हणतात, आणि दोघांच्या यादीतला क्रम एकच असेल याची खात्री नसते. नेटवरच्या कोडमध्ये कधी कधी व्हिडिओकॅप्चर(७००) असं दिसतं आणि आपण चक्रावतो. त्याचा अर्थ ‘डायरेक्टशोमधला शून्य’. ७०० हा त्या बॅकएंडचा आकडा, त्यात कॅमेऱ्याचा क्रमांक मिळवायचा. ही जुनी पद्धत, अजून चालते.

मॅकवर २०२२ पासून, म्हणजे व्हेंचुरा आल्यापासून, जवळ ठेवलेला आयफोनही वेबकॅम म्हणून यादीत येऊ शकतो. आधी जो प्रोग्रॅम लॅपटॉपचा कॅमेरा उघडत होता तो अचानक टेबलावरच्या फोनचा कॅमेरा उघडतो आणि आपल्याला छताचा पंखा दिसतो.

आणि आपल्यापैकी ज्यांच्याकडे जीपीयू नाही त्यांचं लाडकं ठिकाण, कोलॅब. तिथे व्हिडिओकॅप्चर(०) चालत नाही म्हणून पहिल्या वर्षी मी अख्खी दुपार घालवली होती. कारण साधं आहे. कोड तुमच्या मशीनवर चालतच नाही, दूरच्या सर्व्हरवर चालतो, आणि तो तिथला कॅमेरा शोधतो. तिथे कॅमेरा कुठून असणार? तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत फक्त ब्राउझर पोचू शकतो, म्हणून तिथे जावास्क्रिप्टच्या वाटेने फोटो घ्यावा लागतो. डॉकरमध्येही तसंच, कॅमेऱ्याचं डेव्हाइस आत द्यावं लागतं, नाहीतर कंटेनरला कॅमेरा दिसत नाही.

या सगळ्यात मला सर्वात मोठी उणीव वाटते ती ही: ओपनसीव्हीच्या चौथ्या मालिकेत जोडलेल्या कॅमेऱ्यांची नावानिशी यादी देणारं फंक्शनच नाही. लायब्ररी तुम्हाला नंबर मागते, पण कोणत्या नंबरावर कोण आहे हे सांगत नाही. ते तुम्हाला बाहेरून शोधावं लागतं.

दुसरा आक्षेप: ‘उघडला’ म्हणजे ‘चालतोय’ नव्हे

जरा काळजीपूर्वक लिहिलेल्या कोडमध्ये इज-ओपन्डची तपासणी असते. ती असावीच. पण तिचा अर्थ समजून घ्या. ड्रायव्हरशी ओळख झाली आणि दार उघडलं, एवढंच ती सांगते. आत कुणी आहे का, हे सांगत नाही.

फ्रेम खरंच आली का हे रीड सांगतं. पायथॉनमध्ये ते दोन गोष्टी परत देतं, आधी खरं-खोटं आणि मग फ्रेम. फ्रेम मिळाली नाही तर खोटं आणि रिकामी किंमत. एरर नाही, प्रोग्रॅम थांबत नाही. बहुतेक शिकवण्यांमध्ये त्या पहिल्या उत्तराला एक नाव देतात आणि पुढे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग तीन ओळी खाली, रंग बदलायच्या किंवा विंडोत दाखवायच्या ठिकाणी भलतीच एरर येते, आणि विद्यार्थी तिथेच दोष शोधत बसतो.

असं का होतं याचं एक चांगलं उदाहरण देते. एकाच यूएसबी हबवर दोन कॅमेरे लावा. दोन्ही उघडतात. पहिला फ्रेम देतो, दुसरा देत नाही, आणि लिनक्स सांगतं की डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. बिचारा विद्यार्थी हार्ड डिस्क रिकामी करायला लागतो! जागा डिस्कवरची नसते, यूएसबीच्या वाहिनीवरची असते. पहिल्या कॅमेऱ्याने ती अडवून ठेवलेली असते, आणि हे उघडताना कळत नाही, प्रत्यक्ष चित्र वाहायला लागलं की कळतं.

आणि यापुढचा प्रकार सगळ्यात फसवा. कॅमेरा उघडला, रीड खरं म्हणालं, फ्रेम आली, आकारही बरोबर, पण फ्रेम काळीकुट्ट. माझ्या ज्युनिअरचं हेच झालं होतं. अर्धा तास आम्ही बॅकएंड बदलून पाहिले. मग मी विचारलं, “लेन्सच्या वर बारीक सरकपट्टी आहे का रे?” पाच सेकंद शांतता. “आहे.” ती बंद होती. त्याच्या धाकट्या बहिणीने ऑनलाईन क्लासनंतर सरकवली होती.

हसू येतं, पण मुद्दा गंभीर आहे. कोडच्या नजरेने बघितलं तर सगळं सुरळीत होतं. काळी फ्रेम ही सुद्धा वैध फ्रेम असते. तिच्यात चित्र आहे का, हे तपासणं लायब्ररीचं काम नाही, आपलं आहे.

तिसरा आक्षेप: मागितलं ते मिळालं का?

सेट वापरून आपण रुंदी १९२०, उंची १०८०, वेग ३० असं मागतो. कॅमेऱ्याला ते जमत नसेल तर तो त्याला जमेल ते देतो, आणि प्रोग्रॅम पुढे चालू राहतो. सेटने ‘खरं’ असं उत्तर दिलं तरी कॅमेऱ्याने ती किंमत स्वीकारली असेलच असं नाही. हे मी चिडून सांगत नाहीये, ओपनसीव्हीच्या अधिकृत दस्तावेजात ही सूचना दिलेली आहे. काहीच मागितलं नाही तर बहुतेक ठिकाणी ६४० बाय ४८० मिळतं, तुमचा कॅमेरा कितीही महागाचा असो.

न जमण्यामागे बऱ्याचदा साधा गुणाकार असतो. दबाव न दिलेल्या नेहमीच्या वायूवायव्ही फॉर्मॅटमध्ये एका पिक्सेलला २ बाइट लागतात. १९२० × १०८० × २ × ३० म्हणजे सेकंदाला सुमारे १२४ मेगाबाइट, म्हणजे जवळजवळ १००० मेगाबिट. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच ४८० मेगाबिट. मावणारच नाही! म्हणून असे कॅमेरे मोठ्या आकाराला एक तर वेग उतरवतात, नाहीतर प्रत्येक फ्रेम जेपीईजीसारखी दाबून पाठवतात, ज्याला एमजेपीजी म्हणतात.

अजून एक गुणाकार करून बघा. १२८० बाय ७२० ला सेकंदाला १० फ्रेम आणि ६४० बाय ४८० ला ३० फ्रेम, दोन्हीत सेकंदाला पिक्सेल अगदी सारखेच, ९२,१६,०००. बरेच स्वस्त वेबकॅम मोठा आकार मागितला की दहावर का उतरतात, हे यावरून लक्षात येईल.

मग सरळ एमजेपीजी घ्यावं? वस्तू ओळखायची असेल तर बिनधास्त घ्या. पण माझ्यासारखं काम असेल, जिथे रंगातला अगदी बारीक बदल हाच सिग्नल आहे, तिथे दाबताना नेमका तोच बदल पुसला जाऊ शकतो. म्हणजे ‘जास्त रिझोल्यूशन’ घेऊन तुम्ही सिग्नल गमावला असं होऊ शकतं. हा निर्णय तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. तो ड्रायव्हरवर सोडायचा नसतो.

दुसरी बाजूही ऐकू

समीक्षा म्हणजे नुसती झोडपणी नव्हे. ओपनसीव्ही १९९९ मध्ये इंटेलमध्ये सुरू झालं. यूएसबी कॅमेऱ्यांचा समान मानक, यूव्हीसी, त्यानंतर २००३ मध्ये आला. त्याआधी प्रत्येक कॅमेऱ्याचा ड्रायव्हर वेगळा, प्रत्येक सिस्टिमची भाषा वेगळी. अशा काळापासून चालत आलेल्या लायब्ररीने ‘एक नंबर द्या, फ्रेम घ्या’ एवढं सोपं करून दिलं, म्हणून हजारो विद्यार्थी या विषयात आले. मीही त्यातलीच. व्हिडिओ फाईल आणि कॅमेरा दोन्हींसाठी तेच दार ठेवलं, हीही सोयच. फाईलवर लिहिलेला कोड एक ओळ बदलून कॅमेऱ्यावर चालतो.

पण दोष त्याच सोयीत दडला आहे. फाईल संपते तेव्हा ‘फ्रेम मिळाली नाही’ ही सामान्य घटना असते, त्यासाठी एरर नको. कॅमेऱ्याच्या बाबतीत तीच घटना म्हणजे प्रयोगाचा अपघात असतो. फाईलमधल्या फ्रेमचा वेग ठरलेला असतो, कॅमेऱ्याचा उजेडाबरोबर बदलतो. दोन वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी एका दारातून आत आल्या, आणि आपण दोघांशी सारखंच वागायला शिकलो.

माझा खरा राग लायब्ररीवर नाही, शिकवण्यावर आहे. विशेषतः एका जुगाडावर, जो सगळीकडे सापडतो: ० ते ९ पर्यंत लूप लावा, जो पहिला उघडेल तो वापरा. दुकानातल्या किऑस्कसाठी हे ठीक आहे. संशोधनासाठी ही सर्वात वाईट पद्धत आहे. सोमवारी बाहेरचा कॅमेरा उघडला, मंगळवारी त्याची वायर सैल होती म्हणून लॅपटॉपचा उघडला, दोन्हींचा आकार ६४० बाय ४८०, आणि तुमच्या डेटासेटमध्ये दोन कॅमेरे मिसळले. प्रोग्रॅम एकदाही तक्रार करणार नाही. असा प्रोग्रॅम न थांबण्यापेक्षा थांबलेला बरा.

मग करायचं काय?

मी आता प्रत्येक रेकॉर्डिंगआधी जे करते ते क्रमाने देते. सगळं मिळून साठेक ओळींचं एक फंक्शन होतं, एकदाच लिहायचं.

१. कॅमेरा नंबराने नव्हे, ओळखीने शोधा. लिनक्सवर व्ही४एल-यूटिल्स टाकलं की जोडलेले कॅमेरे नावानिशी दिसतात, आणि डेव्ह फोल्डरमध्ये व्ही४एलच्या आत बाय-आयडी या नावाखाली कायम टिकणारे पत्ते मिळतात. नंबराऐवजी तो पत्ताच व्हिडिओकॅप्चरला द्या, सोबत व्ही४एल२ हा बॅकएंड स्पष्ट सांगा. अगदी सारखे दोन स्वस्त कॅमेरे असतील तर त्यांना वेगळा सीरियल नंबर नसण्याची शक्यता असते. तेव्हा बाय-पाथ वापरा, म्हणजे कोणत्या पोर्टला लावलाय त्यावरून ओळख.

२. बॅकएंड नेहमी स्वतः निवडा आणि उघडल्यावर गेट-बॅकएंड-नेम ने खात्री करा. मॅकवर असाल तर टर्मिनलला किंवा एडिटरला कॅमेऱ्याची परवानगी दिली आहे का, हे आधी बघा.

३. आधी फॉर्मॅट, मग रुंदी-उंची, मग वेग या क्रमाने मागा. नंतर गेटने प्रत्येक किंमत परत वाचा. शून्य आला तर बहुधा तो गुण या बॅकएंडला कळतच नाही. आकाराच्या बाबतीत गेटवरही थांबू नका, आलेल्या फ्रेमचा आकार बघा. जुळला नाही तर प्रोग्रॅम तिथेच थांबवा.

४. सुरुवातीच्या काही फ्रेम टाकून द्या. ऑटो एक्स्पोजर स्थिरावायला वेळ लागतो. मी दोन सेकंदांच्या टाकते.

५. नंतरच्या फ्रेमची सरासरी उजळणी आणि तिचा फैलाव काढा. दोन्ही शून्याच्या जवळ असतील तर सरकपट्टी, व्हर्च्युअल कॅमेरा किंवा अंधार, यातलं काहीतरी आहे.

६. दहा सेकंद फ्रेम मोजा आणि मागे न जाणाऱ्या घड्याळाने भागाकार करा. तोच तुमचा खरा वेग. आणि हे ज्या उजेडात प्रयोग होणार त्याच उजेडात करा.

७. प्रत्येक फ्रेमसोबत तिची वेळ सेव्ह करा. इथे एक खाच आहे. लिनक्सवर कॅमेऱ्याच्या काही फ्रेम आधीच बफरमध्ये रांगेत असतात. तुमचं प्रोसेसिंग हळू असेल तर तुम्ही वाचता ती फ्रेम थोडी जुनी असते. म्हणून रेकॉर्डिंगच्या लूपमध्ये जड काम करू नका, आधी साठवा, मग प्रोसेस करा.

८. शक्य असेल तिथे ऑटो एक्स्पोजर बंद करा. निदान उजेडासाठी वेग कमी करण्याची मुभा तरी काढून घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, तेव्हा कॅमेऱ्यातली विजेची सेटिंग ६० वर राहिली असेल तर तीही बदला, नाहीतर चित्रात पट्टे फिरताना दिसतील.

अडलात तर ओपनसीव्ही-व्हिडिओआयओ-डीबग हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून प्रोग्रॅम चालवा. कोणता बॅकएंड का नापास झाला ते तिथे दिसतं. “एररही येत नाहीये” या तक्रारीवर हाच पहिला उपाय.

प्रबंधात काय लिहायचं?

शेवटचा मुद्दा, आणि जे संशोधनाची तयारी करताहेत त्यांनी हाच लक्षात ठेवावा. ‘व्हिडिओ वेबकॅमने रेकॉर्ड केले’ हे कार्यपद्धतीचं वाक्य नाही. रसायनशास्त्राचा विद्यार्थी ‘थोडं ॲसिड घातलं’ असं लिहीत नाही. कॅमेऱ्याचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिम, बॅकएंड, पिक्सेल फॉर्मॅट, मिळालेला आकार, मोजलेला वेग, एक्स्पोजर ऑटो होतं की ठरवलेलं, उजेड कसला होता, एवढं लिहा. चार ओळी लागतात. मागितलेले आकडे लिहू नका, मोजलेले लिहा. आणि दुसऱ्याचा निबंध वाचताना या चार ओळी शोधायची सवय लावा. त्या नसतील तर त्यांचे निकाल तुम्हाला तुमच्या टेबलावर पुन्हा मिळवता येणार नाहीत.

माझ्या ज्युनिअरला मी हे सगळं त्या रात्री सांगितलं नाही, त्याची सबमिशन दुसऱ्या दिवशी होती. दोन दिवसांनी त्याने विचारलं, “ताई, म्हणजे सहा ओळींच्या जागी आता साठ लिहायच्या?” मी म्हटलं, हो. काल त्याचा मेसेज आला. लॅबच्या पीसीवर त्याचा प्रोग्रॅम सुरूच होईना, कारण तिथे ३० मागून १० मिळत होते आणि त्याने लिहिलेल्या तपासणीने प्रोग्रॅम थांबवला होता. खाली लिहिलं होतं, “पहिल्यांदाच एरर बघून बरं वाटलं.”